लगीनसराईच्या आत सिस्टिम कशी निवडावी

सदर मार्गदर्शन तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या, किंवा 'नोकरी लागेपर्यंत चालवतो' असं घरी सांगितलेल्या होतकरू इसमासाठी आहे. कॅमेरा हप्त्यावर घेऊन झाला आहे, तुळशीचं लग्न तोंडावर आलं आहे आणि फोटो एडिटिंगसाठी विंडोज, मॅक की लिनक्स हे अजून ठरायचं आहे, असं गृहीत धरलं आहे.

सर्वप्रथम सल्ला घ्यावा. तो पुण्यात आयटीत असलेल्या भाच्याचा घ्यावा, कारण तो न मागताही मिळणारच आहे. भाचा मॅक घ्या म्हणेल. त्याचं सगळं ऐकून घ्यावं, त्यात तथ्य आहे. १९९० साली फोटोशॉप आलं ते फक्त मॅकवर. विंडोजवाल्यांना पुढे दोन-तीन वर्षं थांबावं लागलं. रंगांचा हिशेब सांभाळणारी कलरसिंक १९९३ पासून मॅकच्या पोटातच आहे. विंडोजवर हा हिशेब बराचसा ज्या त्या सॉफ्टवेअरनं आपापला ठेवायचा असतो, त्यामुळे हळदीचा एकच फोटो फोटोशॉपमध्ये एक पिवळा आणि दुसऱ्या व्ह्यूअरमध्ये भलताच पिवळा दिसू शकतो. एवढं मान्य करून भाच्याला हळूच विचारावं, "रॅम मागाहून वाढवता येईल ना रे?" २०२० पासून आलेल्या एम-चिपच्या मॅकमध्ये रॅम चिपसोबतच येते, पहिल्या दिवशी घेतली तेवढीच शेवटपर्यंत. या प्रश्नावर भाच्याला ऑफिसचा कॉल येतो.

रॅमची चौकशी ही कुचेष्टा समजू नये. करिझ्मा अल्बमची शीट बारा बाय छत्तीस इंचांची. तीनशे डीपीआयला ती ३६०० बाय १०८०० पिक्सेल भरते, म्हणजे जवळपास चार कोटी पिक्सेल. आठ बिटचा एकच भरलेला लेअर शंभर एमबीच्या पुढे जातो. आणि एका लेअरवर कोणाचं भागलं आहे? मागे राजवाडा, पुढे गुलाबाच्या पाकळ्या, कोपऱ्यात मोरपीस, मधे बदामात नवरा-नवरी, आणि उरल्यासुरल्या जागेत दोन्हीकडचे मामा. मामा गाळता येत नाहीत. तेव्हा सोळा जीबीच्या खाली जाऊ नये, बत्तीस परवडली तर मामांची संख्या वाढली तरी चिंता नाही.

आता लिनक्स. ते फुकट मिळतं, हा त्याचा आपल्याकडचा सगळ्यात कमकुवत मुद्दा आहे. शहराच्या कॉम्प्युटर बाजारात असेंबल केलेल्या मशिनवर विंडोज 'मारून' मिळते, सोबत फोटोशॉप, कोरल आणि दोन-चार व्हायरसही, आणि या कशाचंच बिल होत नाही. जिथे चोरीचा मालही फुकट, तिथे कायदेशीर फुकटाचं कौतुक कोण करणार? लिनक्सवाल्यांचं गिंप १९९५ मध्ये बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी लिहायला घेतलं. त्याची २.१० आवृत्ती २०१८ ची आणि ३.० आली ती २०२५ च्या मार्चमध्ये. मधल्या सात वर्षांत गावातल्या कितीतरी नवऱ्या मुलांना मुलं होऊन ती शाळेत गेली. पण थट्टा बाजूला ठेवून सांगायचं तर रॉ फाइल उजळण्याचं काम डार्कटेबल आणि रॉथेरपी उत्तम करतात, आणि ती विंडोज-मॅकवरही चालतात. अडचण तिथे नाही. ज्या लॅबला अल्बम पाठवायचा, तिचं ऑर्डर घ्यायचं सॉफ्टवेअर कशावर चालतं, हे आधी फोन करून विचारावं. लिनक्स म्हटल्यावर पलीकडून "कोण बोलतंय?" असं आलं, तर विषय तिथेच संपवावा.

तरीही निकाल खरा लावतात ती अक्षरं. शीटवर 'चि. सौ. कां.' लिहावंच लागतं. अनेक स्टुडिओंत अजून नांदणारं फोटोशॉप ७ हे २००२ चं. त्यात युनिकोड मराठी टाकली की वेलांटी भलत्या बाजूला आणि रफार कुठेतरी तिसरीकडेच. म्हणून पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आली, तिचा कीबोर्ड बोटांत बसला, आणि आज स्टुडिओचा मालक 'मला विंडोज आवडते' म्हणतो तेव्हा त्याला श्रीलिपी आवडत असते. नव्या फोटोशॉपमध्ये सेटिंग बदललं की युनिकोड नीट बसतं. ही माहिती त्याला देऊ नये, तो रागावतो.

असो, विंडोजच घ्यायची. मात्र विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे आणि ११ ला टीपीएम २.० लागतं. दुकानदार म्हणेल, "बायपास करून देतो, टेन्शन घेऊ नका." टेन्शन घ्यावं. लायसन्सचंही घ्यावं, ते पैसे निघत नसतील तर प्री-वेडिंगचा दर फार खाली आणला आहे असं समजावं.

उरलेले सगळे पैसे मॉनिटरवर घालावेत. आयपीएस पॅनल घ्यावं, पूर्ण एसआरजीबी दाखवणारं, आणि कॅलिब्रेटर चार स्टुडिओंनी मिळून घ्यावा. पतपेढी काढण्यापेक्षा हे सोपं आहे. लॅबनं स्वतःचं प्रोफाइल दिलं नसेल तर फाइल मुकाट्यानं एसआरजीबीत पाठवावी. अॅडोब आरजीबीचा अट्टहास केला आणि लॅबनं प्रोफाइलकडे पाहिलंच नाही, तर शालू विटलेला येतो आणि दोष कॅमेऱ्यावर जातो.

मुलीची आई मागे उभी राहून "जरा उजळ करा हो" म्हणेल. तिन्ही सिस्टिमांत यावर एकच उपाय आहे. एक्स्पोजर पाव स्टॉपनं वाढवावा, चेहऱ्याच्या रंगाला हात लावू नये, आणि "केलंय काकू" म्हणावं.

राहता राहिला बॅकअप. एक हार्ड डिस्क स्टुडिओत ठेवावी, दुसरी गावाबाहेर. सासुरवाडी यासाठी उत्तम: डिस्क तिथून चोरीला जात नाही आणि दिवाळसणाला आपसूक ताजी होते. धोंड्याच्या महिन्याच्या भरवशावर मात्र राहू नये. तो बत्तीस-तेहतीस महिन्यांतून एकदा येतो, आणि हार्ड डिस्क जावयाइतका धीर धरत नाही.