ॲव्हरेज सर

परभणीकराला पेट्रोलच्या भावाचं कौतुक कुणी सांगू नये. राज्यात सगळ्यात महाग पेट्रोल कुठं, अशी बातमी निघाली की टीव्हीवाल्यांचा कॅमेरा आमच्या पंपावर येऊन उभा राहतो, ही आता वहिवाटच झाली आहे. मे २०२१ मध्ये साध्या पेट्रोलनं इथं शंभरी गाठली, तेव्हा तर आम्ही देशभर झळकलो. कारण साधं आहे. टँकर येतो मनमाडच्या डेपोतून, सुमारे तीनशे किलोमीटर रस्ता तुडवत, आणि त्याचं भाडं लिटरमागं आमच्या खिशातून जातं. यावर बाकीचे परभणीकर सरकारला चार शब्द ऐकवतात आणि ‘शंभराचं टाक’ म्हणतात. ॲव्हरेज सरांनी मात्र हवेशी वैर धरलं.

सर जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतात. राहायला परभणीत, शाळा गंगाखेडच्या अलीकडं. म्हणजे रोज चाळीस जायचे, चाळीस यायचे. या प्रकाराला आमच्याकडं अपडाऊन म्हणतात आणि अर्धी नोकरदार परभणी तेच करते. गाडी शंभर सीसीची, एमएच-२२ पासिंगची, वयानं त्यांच्या सातवीतल्या पोरांपेक्षा मोठी. भेटलं की लोक नमस्कार करतात, ख्यालीखुशाली विचारतात. सर गाडीच्या टाकीकडं बघून विचारतात, “किती देते?” समोरच्यानं पन्नास म्हटलं तर त्यांच्या चेहऱ्यावर दुखवट्याला आल्यासारखा भाव येतो. पासष्ट म्हटलं तर संशय.

सुरुवात सगळे करतात तशीच झाली. कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा आत, पाव फेरा बाहेर. प्लगचा गॅप, चेनचं ढिलेपण, टायरात हवा. पेट्रोलच्या नळीला लोहचुंबक बांधायचं खूळही शहरात कुणीकुणी घेऊन आलं होतं, पण तिथं सरांच्यातला विज्ञान शिक्षक आडवा आला. मग मोजमाप. टाकी भरून किलोमीटर मोजणं त्यांना अडाणीपणा वाटतो. मेकॅनिक करतात तसं त्यांनी टाकीची नळी काढली, सलाईनची बाटली हँडलला टांगली, तीत बरोबर शंभर मिलिलिटर पेट्रोल घातलं आणि गाडी बंद पडेपर्यंत चालवली. पोखर्णीच्या नृसिंहाला निघालेली माणसं थांबून चौकशी करायची, “सर, कधी ॲडमिट केली?”

त्यातून कळलं की इंजिनात आता पिळण्यासारखं काही राहिलेलं नाही. वैरी बाहेर आहे, आणि तो दिसत नाही.

इथून पुढं सर बदलले. वेग दुप्पट केला की हवेचा अडथळा चौपट होतो, हे ते वर्गात सांगायचे, लग्नात सांगायचे, तेराव्यालाही सांगायचे. म्हणून त्यांनी आधी वेग चाळीसवर आणला. सायकलवरची पोरं त्यांना गाठून गृहपाठाच्या शंका विचारू लागली. मग अंग आखडलं. १९५० च्या दशकात जर्मनीत एनएसयू नावाची कंपनी होती. तिच्यासाठी गुस्ताव बाउम नावाच्या माणसानं अशी ठेंगणी गाडी काढली की चालवणारा तीत चक्क पाठीवर आडवा. १९५६ साली अमेरिकेतल्या मिठागरावर विल्हेल्म हर्त्स या गड्यानं एनएसयूच मोटरसायकल ताशी ३३९ किलोमीटरनं पळवली, तीही हवा कापणाऱ्या कवचात बसून. हे वाचल्यावर ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आपल्यालाच उद्देशून आहे अशी सरांची खात्री झाली. पाठीवर झोपणं आपल्या रस्त्यावर जमण्यातलं नव्हतं, म्हणून ते छाती टाकीला लावून चालवू लागले. दैठण्याच्या फाट्यावर चहावाला ओरडला, “सर, रात्री जागरण झालं का?”

पण खरी मेख मागं आहे, हे त्यांना उशिरा उमगलं. लोकांना वाटतं हवा कापायला पुढून टोक पाहिजे. तसं नसतं. मासा बघा, पुढून गोल आणि मागं निमुळता होत गेलेला. गाडीनं फाडलेली हवा मागं नीट जुळली नाही की तिथं पोकळी पडते, आणि ती पोकळी गाडीला मागं ओढत राहते. क्रेग व्हेटर नावाचा अमेरिकन गृहस्थ १९८० ते १९८५ या काळात कमी पेट्रोलवर मोटरसायकली चालवायच्या स्पर्धा घ्यायचा. शेवटच्या वर्षी जिंकलेल्या गाडीनं लिटरला जवळपास दोनशे किलोमीटर दिले होते. दोनशे! हा आकडा सरांनी देवघराच्या भिंतीवर पेन्सिलनं लिहून ठेवला आहे. वहिनींना तो दूधवाल्याचा हिशेब वाटतो.

तर शेपूट बनवायचं ठरलं. सांगाडा ठिबकच्या नळ्यांचा. वरून फ्लेक्स, त्याला आपल्या जिल्ह्यात तोटा नाही, वाढदिवस रोजच असतात. सरांना मिळाला तो एका भावी आमदारांचा. त्यामुळं गाडी पुढं निघून गेली तरी मागून येणाऱ्याला भावी आमदार हात जोडून दिसत राहायचे, आणि चाळीसच्या वर वेग गेला की त्यांचे गाल फुगायचे.

चाचणीसाठी वारा हवा, म्हणून घरातला कूलर ओसरीत आला. ऐन मे महिन्यात. गाडीभर लोकरीचे धागे चिकटवलेले, समोर कूलर पूर्ण वेगात, आणि सर गुडघ्यावर बसून कुठला धागा सरळ राहतो, कुठला भिरभिरतो ते वहीत टिपतायत. आत बायकापोरं वर्तमानपत्रानं वारा घेतायत. तो उकाडा वहिनी अजून विसरलेल्या नाहीत. हिवाळ्यात पेपरात कृषी विद्यापीठाचं किमान तापमान छापून येतं, तेव्हा आम्ही स्वेटर काढतो. सर खिन्न होतात. थंड हवा दाट असते. दाट हवा जास्त अडवते.

वहिनी एकदाच त्या गाडीवर बसल्या. त्या एका बाजूला पाय टाकून बसतात आणि त्यांचा पदर फडफडतो, हे दोन दोष सरांनी रस्त्यात गाडी थांबवून समजावून सांगितले. वहिनी उतरल्या. “ओ, तुम्ही बसा हवा कापत. मी एसटीनं येते. तिला शेपूट लागत नाही अन् मला अर्धंच तिकीट लागतंय.” २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि ते गृहीत धरलं तर सरांचा सगळा हिशेब कोसळतो. म्हणून ते गृहीत धरत नाहीत.

पहिल्या पावसाच्या आधीचं वारं सुटलं त्या संध्याकाळी शेपटानं शिडाचं काम केलं. पश्चिमेकडून एक झोत आला, आणि सर गाडीसकट रस्ता सोडून नांगरलेल्या रानात गेले. ढेकळांत बसकण मारलेली, चष्मा गळ्यात, आणि चेहरा मात्र उजळलेला. “बाजूचा वारा धरलाच नव्हता!” शर्यतींतल्या गाड्यांचं पुढचं चाक झाकणारं पूर्ण कवच १९५८ पासून जगभर बंद झालं, त्यामागं हेही एक कारण होतं, हे त्यांनी शेतकऱ्याला तिथंच सांगितलं. जर्मनीला जे भोवलं तेच परभणीला भोवलं, याचं समाधान लपत नव्हतं. शेतकऱ्यानं भावी आमदार कडब्याच्या गंजीवर टाकले. गंज अजून कोरडी आहे.

दुसरं शेपूट आखूड झालं. ते एका हवालदारानं अडवलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सरांना हवालदारापेक्षा चांगलं पाठ होतं, त्यामुळं आपला गुन्हा त्यांनी स्वतःच सविस्तर समजावून सांगितला. दंड झाला. पावतीच्या मागं त्यांनी लगेच भागाकार केला: शेपटानं रोज वाचतं ते वीसेक रुपयांचं पेट्रोल. नळ्या, वेल्डिंग, फ्लेक्सवाल्याचा चहा आणि हा दंड भरून यायला किती दिवस लागतील, ते उत्तर त्यांनी मला दाखवलं नाही. पण गाडी आता ब्याऐंशी देते. सलाईनवर मोजलेले ब्याऐंशी.

यंदा ऑनलाइन बदल्यांत सरांना शहरालगतची शाळा मिळाली. घरापासून दोन किलोमीटर. अशी बदली मिळावी म्हणून माणसं नवस बोलतात. आम्ही पेढे मागायला गेलो, तर सर ओसरीत गाडीकडं बघत बसलेले.

“दोन किलोमीटरात इंजिन तरी गरम होतं का?” ते म्हणाले. “पंचेचाळीसच्या वर जाणार नाही.”

वहिनी आतून म्हणाल्या, “चालत जा की.”

सरांनी ऐकलं नाही. ते बदली रद्द करण्याचा अर्ज लिहीत होते, आणि कारणाच्या रकान्यापाशी अडले होते.