दोन हातांच्या आडचा दिवा

दोन हातांच्या आडोशाला तेवणारा दिवा, हे आयुर्विमा महामंडळाचं बोधचिन्ह. १९५६ साली २४५ विमा कंपन्या आणि सोसायट्या गोळा करून तो लावला. पुढच्याच वर्षी हरिदास मुंदडांच्या कंपन्यांचे सव्वा कोटीचे शेअर घेताना मात्र हात बहुधा खिशात होते! न्यायमूर्ती छागलांनी मुंबईत उघड चौकशी केली, अर्थमंत्री कृष्णम्माचारींना जावं लागलं. लोकांचा विश्वास तसूभर हलला नाही. हलणार कसा? घरातला एक तरी मामा एजंट असतो आणि मार्च उजाडला की तो चहाला हटकून येतो. २०२२च्या मे महिन्यात पॉलिसीधारकांना खास साठ रुपयांची सवलत देऊन महामंडळाने आपला शेअर ८८९ला दिला. बाजारात पहिल्या दिवशी तो उघडला ८६७ला.