ताळेबंद आणि टाळेबंदी

पेशवाईतला ताळेबंद म्हणजे जमाखर्चाचा वार्षिक गोषवारा. माझी पीएचडी त्यावर चालू आहे. 'टाळेबंदी' हा शब्द २०२० च्या मार्चात घरोघरी पोचला, तेव्हा शेजारच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "म्हणजे तुमच्याच विषयातलं ना हे?" मी हसून नाही म्हटलं. पुढच्या वर्षभरात काकूंचंच खरं ठरलं.

१३ मार्चला, शुक्रवारी, मी पुण्याच्या पेशवे दप्तरात बसून एका परगण्याचा कागद उतरवून घेत होतो. तिथले कागद रुमालात बांधलेले असतात. रुमाल म्हणजे मोठं चौकोनी फडकं, आणि त्यात बांधलेल्या गठ्ठ्यालाही रुमालच म्हणायचं. "मामा, तेवढा एक रुमाल काढा ना," असं आम्ही तिथल्या शिपाईमामांना म्हणतो तेव्हा नवख्या माणसाला वाटतं, याला सर्दी झाली आहे. त्या दिवशी पाच वाजले तेव्हा कागदाच्या पोटाकडचा मजकूर लिहून झाला होता, पाठ राहिली होती. वहीत नोंद केली : 'पाठ सोमवारी पाहणे.' सोमवारी महाविद्यालयात बैठक निघाली. आणि मग सगळंच बंद झालं.

देश बंद झाला तो २५ मार्चला, नेमका पाडव्याच्या दिवशी. पाडव्याला संकल्प करायची मला जुनी खोड आहे. गुढीला नमस्कार करून ठरवलं, आता वेळच वेळ आहे, तीन प्रकरणं हातावेगळी करायची. सात वर्षं मी गाईड सरांना एकच सबब सांगत आलो होतो, 'तासांमुळे वेळ मिळत नाही, सर.' सरांचा चौथ्याच दिवशी फोन आला. "आता काय अडचण आहे?" माझ्या पोटात गोळा आला. मग एकदम सुचलं. "सर, संदर्भ तपासायचे राहिलेत आणि दप्तर बंद आहे." पलीकडे शांतता. एक सबब गेली, पण तिच्या जागी इतकी भरभक्कम आली की त्या दुपारी मला गाढ झोप लागली.

एप्रिलात तोंडाला रुमाल बांधणं सक्तीचं झालं. माझे रुमाल कुलपात, आणि मी रुमाल बांधून दुधाच्या रांगेत.

त्या दिवसांत न्यूटननं फार छळलं. १६६५ साली प्लेगमुळे केंब्रिज बंद पडलं, न्यूटन वूल्सथॉर्पला आपल्या आईच्या घरी गेला आणि त्या सुट्टीत त्यानं कलनशास्त्र, प्रकाश आणि गुरुत्वाकर्षण यांवरच्या विचारांचा पाया घातला. हे खरं आहे. पण हेच मला नात्यातल्या तीन वेगवेगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवरून, सफरचंदाच्या चित्रासकट, नाव न घेता उद्देशून पाठवलं जात होतं. न्यूटन तेव्हा बाविशीतला सडाफटिंग होता आणि त्याचा विषय त्याच्या डोक्यात मावत होता. माझा विषय कुलपाआड, कित्येक हजार फडक्यांत बांधलेला. शिवाय न्यूटनच्या आईनं त्याला 'तेवढा लसूण सोलून दे' म्हटल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

बायकोची तऱ्हा वेगळी होती. ती फळमाश्यांवर काम करते. माझे कागद दोनशे वर्षं थांबले आहेत, आणखी वर्षभर थांबले तर त्यांचं काही जात नाही. फळमाशीची दहा दिवसांत पिढी होते. नळीतलं खाणं वाळलं किंवा त्यावर बुरशी चढली की आख्खं वाण गेलं. पेशी द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवता येतात, माश्यांची वाणं तशी सहजी ठेवता येत नाहीत. ती पिढ्यान्‌पिढ्या खाऊपिऊ घालून सांभाळावी लागतात. त्यामुळे सगळं बंद व्हायच्या आधीच ती चोवीस वाणांच्या नळ्या भाजीच्या पिशवीत घालून घरी घेऊन आली होती.

"लोक घरातल्या माश्या हाकलतात," आई म्हणाली, "आमच्याकडे पिशवीतून येतात."

खरी पंचाईत पुढेच होती. माश्यांचं खाणं प्रयोगशाळेत एक रोजंदारीवरचा मुलगा शिजवायचा. रवा, गूळ, यीस्ट, चायना ग्रास आणि बुरशी धरू नये म्हणून एक उग्र वासाचं आम्ल. प्रमाण बायकोला तोंडपाठ होतं, पण त्या मुलाच्या हाताला काय अंदाज होता ते आमच्या गॅसवर पहिली खेप बुडाला लागली तेव्हा कळलं. दुसरी पातळ झाली आणि त्यात अकरा माश्या चिकटून मेल्या. आई दारात उभी राहून बघत होती.

"अगं, हा तर शिराच. आणि तुपाशिवाय कसा करतेस?"

बायको हसली आणि पातेलं खरवडता खरवडता तिनं हाफकिनची गोष्ट सांगितली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळाली तेवढ्या जागेत, व्हरांड्यातसुद्धा, प्रयोगशाळा मांडली. मांसाच्या रश्श्यात प्लेगचे जंतू वाढवायचे होते. त्यांनी रश्श्यावर तुपाचे थेंब सोडले. त्या तुपाला धरून जंतूंचे झुबके खाली लोंबत वाढले. त्यातून लस झाली, आणि १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली.

"बघ," आई म्हणाली, "तूप लागतंच."

तिसऱ्या खेपेपासून डाव आईच्या हातात गेला. तूप घालू दिलं नाही याचा राग तिनं अजून सोडलेला नाही, पण खाणं मात्र मऊ, एकसारखं आणि वेळेवर होऊ लागलं. एप्रिलच्या अखेरीस पुणं तापलं. तीस अंशांच्या पुढे फळमाश्यांचे नर वंध्य होतात, आणि आमच्या स्वयंपाकघरात दुपारी अडतीस. बायको रडकुंडीला आली. आईनं ताक ठेवतात तशा सगळ्या नळ्या एका परातीत उभ्या केल्या, परात माठाला टेकवली आणि वरून ओला पंचा टाकला. दर दोन तासांनी ती उठून पंचा भिजवायची. दुधाच्या वहीत मागच्या पानांवर तिची नोंद असायची : '७ नंबर कमी दिसतात. ११ ठीक. १५ ला मुंग्या, पाण्यात ठेवले.' पेशव्यांच्या कारकुनांच्या रोजकीर्दी मी इतकी वर्षं वाचतो आहे. इतकी नेटकी रोजकीर्द क्वचित पाहिली.

मे-जूनमध्ये वेबिनारांची साथ आली. नाव नोंदवायचं, कॅमेरा बंद करायचा, शेवटी फीडबॅक फॉर्म भरायचा की ई-प्रमाणपत्र हजर. मी एकवीस मिळवली. त्यातलं एक कुक्कुटपालनातल्या संधींवरचं आहे. त्या वेळात मी भेंडी चिरत होतो. एवढ्यात यूजीसीनं प्रबंध सादर करायला सहा महिन्यांची मुदतवाढ दिली आणि आमच्यासारख्यांना पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले.

अगदीच काही लिहिलं नाही असं नाही. रियासतकार सरदेसायांनी १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले. संगणकावर मिळाले तेवढे वाचले. त्या अर्ध्या उतरवलेल्या कागदावर तर मी जीव टाकला. पोटाकडे जमा कमी होती, खर्च जास्त. ही तूट भागवली कशी? ते पाठीवर असणार, दुसरीकडे जाईल कुठे? सावकाराचं कर्ज, सरकारी सूट, मागल्या सालची शिल्लक, सगळे तर्क लढवून मी चार पानं लिहिली. सात वर्षांत प्रथमच सर म्हणाले, "हे छान झालंय."

माश्या पुन्हा प्रयोगशाळेत गेल्या तेव्हा चोवीसांतली बावीस वाणं जिवंत होती. सात नंबर गेलं, त्याचं आईला फार लागलं. पुढे बायकोच्या विद्यार्थिनीनं प्रबंधाच्या ऋणनिर्देशात आईचं नाव घातलं. नावापुढे काय लिहावं ते तिला कळेना. शेवटी 'माध्यम व तापमान नियंत्रण' असं लिहिलं. आईनं ते पान कपाटात ठेवलं आहे.

दप्तर उघडल्यावर मी गेलो. शिपाईमामा भेटले, बारीक झाले होते. कोण कोण गेलं ते आम्ही एकमेकांना सांगितलं. मग काही वेळ दोघंही बोललो नाही, आणि ते आत जाऊन रुमाल घेऊन आले. गाठ सोडली, कागद सापडला, उलटला.

पाठ कोरी होती.

ती चार पानं मी प्रबंधातून काढून टाकली. सरांना अजून सांगितलेलं नाही.