डोंगर दिसणारी खोली

दादरला एका खुराड्याचं जे भाडं, त्यात बदलापुरात दोन खोल्या, वर खिडकीतून डोंगर. एजंट सांगतो त्यात खोटं काही नाही. फक्त डोंगर बघायला रविवार लागतो. एरवी भाडेकरू अंधारात निघतो नि अंधारातच परततो. सीएसएमटी सुमारे ६८ किलोमीटर. भाडं खोलीचं भरायचं, राहायचं लोकलमध्ये, तेही उभ्यानं. करार अर्थात अकरा महिन्यांचा. नोंदणी टाळायची ही जुनी युक्ती. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यानं महाराष्ट्रात अशा प्रत्येक कराराची नोंदणी सक्तीची केली, तरी अकराचा आकडा जागचा हलला नाही. हलतो तो भाडेकरू, आणि प्रत्येक हलण्यागणिक एजंटला नवी दलाली. घरमालक? ते ठाण्याला असतात. भाड्यानं.