रिमास्टरराव

त्यांचं खरं नाव खाली जिन्यापाशी पत्रपेटीवर लिहिलेलं आहे. ते आता फक्त पोस्टमन वाचतो. बाकी सगळ्या सोसायटीला ते रिमास्टरराव. वय पंचेचाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी बँकेत, अंगात अर्ध्या बाह्यांचा चौकड्यांचा शर्ट. चेहऱ्यावर कायम फलाटावरच्या त्या माणसाचा भाव, ज्याला घोषणा ऐकू आल्यासारखी वाटते, पण गाडी आपली की दुसऱ्या फलाटावरची हे कळत नाही. त्यांची गाडी म्हणजे एक जुना जपानी चित्रपट. तो परत यायचा होता. कधी यायचा, कोण आणणार, कशावर आणणार, याची माहिती दर आठवड्याला बदलायची. माणूस जागचा हलायचा नाही.

अशी मंडळी आता गावोगाव सापडतात. ठाण्यात आहेत, नाशकात आहेत, न्यू जर्सीला गेलेल्यांत तर जास्तच आहेत. नव्वदच्या दशकात शाळेत होते, घरात एकच टीव्ही होता आणि त्याच्या रिमोटवर वडिलांची मालकी होती, एवढं भांडवल पुरतं. जपानी ॲनिमेशनमधलं ताजं, जगभर गाजणारं काही त्यांना दाखवा, ते नम्रपणे बघतात आणि घड्याळाकडेही बघतात. पण 1980च्या दशकातली एखादी मालिका, जिचे अर्धे भाग हरवलेत, निर्माती कंपनी बुडाली आहे आणि हक्क कुणाकडे आहेत हे हक्कदारालाही ठाऊक नाही, अशी काही निघाली की डोळ्यांत पाणी. माल जितका दुर्मीळ तितकं प्रेम जास्त. रोज मिळणाऱ्या भाजीला कोण विचारतो?

रिमास्टररावांसमोर 'कार्टून' म्हणायचं नाही. एकदा खालच्या मजल्यावरचे काका सहज म्हणाले, "ते तुमचं रामाचं कार्टून." त्यावर पार्किंगमध्ये उभ्याउभ्या चाळीस मिनिटांचा तास झाला. काकांनी सारवासारव म्हणून विचारलं, "आमच्या वेळेला दूरदर्शनवर तो जायंट रोबोट असायचा, तोही जपानीच ना?" रिमास्टररावांनी डोळे मिटले. "जपानी होता. ॲनिमे नव्हता. आत माणूस होता." काकांना इतकी वर्षं तो रोबोटच वाटत आलेला. बिचारे जिना चढून गेले.

तो चित्रपट म्हणजे 'रामायण: द लीजंड ऑफ प्रिन्स रामा'. त्याची जन्मकथा रिमास्टररावांच्या तोंडून ऐकली नाही असा आमच्या इमारतीत फक्त तळमजल्यावरचा कुत्रा असेल, आणि त्याचीही मला खात्री नाही. युगो साको नावाचे जपानी गृहस्थ 1983मध्ये भारतात आले. प्रा. बी. बी. लाल यांच्या अलाहाबादजवळच्या उत्खननावर त्यांना माहितीपट करायचा होता. त्या निमित्तानं रामकथा हाती लागली आणि माणूस तिच्यातच अडकला. जपानीत मिळतील ती रामायणं वाचून काढली आणि ठरवलं की यावर ॲनिमेशनपटच करायचा. खऱ्या नटापेक्षा चित्रातला राम जास्त राम वाटेल, असं त्यांचं म्हणणं. गैरसमज मात्र माहितीपटापासूनच सुरू झाले होते. परदेशी माणसानं रामायणाला हात लावू नये, असं विश्व हिंदू परिषदेचं आक्षेपाचं पत्र जपानी दूतावासात पोचलं. पुढे सरकारचंही म्हणणं पडलं की रामायण कार्टूनमध्ये दाखवता येणार नाही. म्हणजे काकांच्या आधी बऱ्याच मोठ्या पातळीवर 'कार्टून' हा शब्द वापरून झाला होता, आणि साकोंनाही बहुधा पार्किंगमधल्यासारखंच समजावत बसावं लागलं. दिवस अयोध्येच्या वादाचे. सरकारनं अंग काढून घेतलं आणि चित्रांचं काम मुख्यतः जपानातच झालं. दिग्दर्शनात साकोंच्या जोडीला कोइची सासाकी, आणि आपल्या मुंबईचे राम मोहन. भारतीय ॲनिमेशनमधला हा फार मोठा माणूस. फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागापासूनचा. धोतर कसं नेसतात, नमस्कार करताना हात कुठे येतात, हे जपानी चित्रकारांना दाखवायला भारतीय माणसं लागली. हाती रंगवलेले सेल सुमारे एक लाख. संगीत वनराज भाटियांचं. संस्कृत गीतं वसंत देव यांची, आणि इथे रिमास्टरराव थांबून 'आपले' असं म्हणतात. हा 'आपले' ऐकण्यासारखा असतो. वर्ल्ड कप जिंकल्यावरसुद्धा तो इतका भरून येत नाही.

मग 1993च्या जानेवारीत दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला, आणि संपलं. भारतभर धड प्रदर्शन त्याला मिळालंच नाही. पुढे हिंदी आवाज आला. राम अरुण गोविल, रावण अमरीश पुरी, निवेदन शत्रुघ्न सिन्हा. पण लोकांपर्यंत तो पोचला तो दोन हजार सालानंतर, कार्टून नेटवर्कवरून. हे वाहिनीचं नाव रिमास्टरराव तोंडातल्या तोंडात उच्चारतात.

त्या काळात एका दुपारी त्यांनी तो रेकॉर्ड केला. कोरी कॅसेट घरात नव्हती. होती ती मावशीच्या लग्नाची. तीन तासांची कॅसेट, सव्वादोन तासांचा चित्रपट आणि वर जाहिराती. सीमांतपूजन, अक्षता, सप्तपदी, कन्यादान, सगळं वनवासात गेलं. शेवटची काही मिनिटं तेवढी वाचली, त्यामुळे आजही त्या कॅसेटवर रामाचा राज्याभिषेक होतो आणि लगेच पंगत बसते. प्रभू रामचंद्र सिंहासनावर बसले की मावशीचे सासरे जिलबी वाढायला निघतात. रिमास्टरराव म्हणतात, प्रसंगाला धरूनच आहे. मावशी हे म्हणत नाही. ती दर दिवाळीला येते, फराळ करते आणि कॅसेटचं काय झालं ते विचारते. तिला ते खरं सांगतात: "मावशी, बुरशी लागलीये." लागलेली आहेच. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानदारानं कॅसेट उन्हाकडे धरली, मान हलवली आणि म्हणाला, "यात आहे काय?" रिमास्टररावांना क्षणभर काय सांगावं सुचेना. "घरगुती कार्यक्रम," ते म्हणाले.

प्रेमाला तांत्रिक बाजूही असते. चित्र चौकोनी असताना रुंद टीव्हीवर ते ताणून बघणाऱ्यांशी ते बोलत नाहीत. जुन्या फिल्मवरचे बारीक दाणे पुसून चित्र गुळगुळीत करणं हा त्यांच्या मते फौजदारी गुन्हा व्हायला हवा. परदेशातून डिस्क मागवायची म्हटलं तर त्यांना प्रदेशाची भानगड पाठ आहे: डीव्हीडीच्या जगात जपान दोनमध्ये, अमेरिका एकमध्ये आणि आपण पाचात, ब्ल्यू-रेमध्ये जपान आणि अमेरिका दोघंही 'ए' आणि आपण चीन-रशियाबरोबर 'सी'त. म्हणजे पैसे भरा, कस्टम भरा, आणि घरच्या यंत्रात घातली की ती नकार देणार. अशा डिस्का त्यांच्या कपाटात ओळीनं उभ्या आहेत. एकही लागत नाही. वहिनींनी एकदा त्या भंगारात द्यायची गोष्ट काढली तर म्हणाले, "लागत नसल्या तरी आहेत." वहिनींचं म्हणणं इतकंच की लग्नाच्या वाढदिवसाची तारीख यांना आदल्या रात्री सांगावी लागते आणि साको भारतात कधी आले ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतात.

'जंगल बुक'चं दुःख वेगळं. ती 1989ची जपानी मालिका दूरदर्शनवर रविवारी सकाळी यायची. शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा, शीर्षकगीत गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजांची. हे गाणं मूळ जपानीत नाही, त्यांचं निराळंच आहे, हे कळलं तेव्हा रिमास्टरराव जपानवर दोन दिवस नाराज होते. 2020च्या टाळेबंदीत दूरदर्शननं ती मालिका पुन्हा लावली. सगळे खूश, हे अस्वस्थ. एक तर मागितल्याशिवाय मिळाली. त्यात ती सगळ्यांनाच मिळाली.

मागायची त्यांना फार हौस. चित्रपट पुन्हा प्रदर्शित करावा म्हणून त्यांनी एक अर्ज लिहिला होता. गणपतीत आरतीनंतर तो फिरवला, म्हणजे माणूस प्रसादासाठी थांबलेलाच असतो. चांगल्या दीड पानभर सह्या मिळाल्या. नंतर कळलं की निम्म्या लोकांनी तो टँकरच्या पाण्याचा अर्ज समजून सही केली होती. रिमास्टररावांनी सह्या काढल्या नाहीत. "भावना तीच आहे," म्हणाले, "टंचाईची."

निराश झाले की ते फिलिपिन्सचा दाखला देत. तिथं 'व्होल्टेस फाइव्ह' ही रोबोटांची जपानी मालिका इतकी लोकप्रिय झाली की मुलं दुसरं काही बघेनात. 1979मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी ती बंद पाडली, आणि तीही शेवटचे मोजके भाग राहिले असताना. पुढे मार्कोस गेले, मुलं मोठी झाली, आणि 1999मध्ये तो शेवट चित्रपटगृहात मोठ्या पडद्यावर लागला. "वीस वर्षं!" रिमास्टरराव म्हणत, आणि त्या 'वीस वर्षं'मध्ये कीव नसायची. असूया असायची. आपल्या वाट्याला असा हुकूमशहा आला नाही, नुसते वितरक आले, याची खंत त्यांना असावी.

आणि मग खरोखरच बातमी आली. 4केमध्ये रिमास्टर केलेली नवी प्रत, देशभर चित्रपटगृहांत, तारीख 18 ऑक्टोबर 2024. त्या आठवड्यात रिमास्टररावांची तब्येत बिघडली. जेवण जाईना, बँकेत कॅश जुळेना. वहिनी घाबरल्या. तेवढ्यात प्रदर्शन पुढं ढकलल्याचं जाहीर झालं, आणि संध्याकाळी ते जिन्यात शीळ घालत भेटले. "गेलं पुढं," म्हणाले. "मी म्हटलंच होतं. इतकं सोपं नसतं." त्या रात्री त्यांच्याकडे पुरणपोळ्या होत्या. निमित्त काही नव्हतं म्हणे.

पण 24 जानेवारी 2025 टळली नाही. चित्रपट लागला. हिंदी, तमिळ, तेलुगू, इंग्रजी, हवा त्या भाषेत. अर्जावर सही केलेल्यांना त्यांनी स्वतःच्या पैशानं नेलं, पाण्यासाठी सही केलेल्यांनासुद्धा. मावशीला मात्र सांगितलं नाही. मी शेजारच्या खुर्चीवर होतो, म्हणून हे प्रत्यक्षदर्शी सांगतो: पडदा उजळला तेव्हा त्यांनी माझा हात धरला. रंग असे होते, की त्या बुरशीच्या कॅसेटवरून कुणी कल्पना केली नसती. निळा म्हणजे निळा, सोनं म्हणजे सोनं. मला चित्रपट मनापासून आवडला, हे इथं नोंदवून ठेवतो; त्यांच्यासमोर सांगायला नंतर कधी फुरसत मिळाली नाही. कारण थोड्या वेळानं रामानं तोंड उघडलं आणि माझा हात सुटला.

आवाज नवा होता. हिंदी संवाद नव्यानं ध्वनिमुद्रित केले होते. अरुण गोविल नाहीत. रिमास्टरराव रावण येईपर्यंत थांबले. रावण आला, बोलला. अमरीश पुरी नाहीत. मागच्या रांगेतली पोरं टाळ्या वाजवत होती, पॉपकॉर्न उडत होता, वानरसेना समुद्रावर सेतू बांधत होती आणि हे अंधारात खिशातलं पेन शोधत होते. मध्यंतरात म्हणाले, "बघितलंत?" मला वाटलं माणूस कोसळला. पण आवाजात जोर होता. गाल तर चक्क तुकतुकीत दिसत होते. तीस वर्षांपूर्वीच्या चित्राला तीस वर्षांपूर्वीचेच आवाज हवेत, नव्या चित्रावर मूळ हिंदी आवाज बसवून पुन्हा प्रदर्शन झालं पाहिजे, मसुदा उद्या संध्याकाळी, सह्या शिमग्याला. सेतू अजून अर्धाही झाला नव्हता.

हल्ली ते फार प्रसन्न असतात. इंटरनेटवर जुना हिंदी आवाज ऐकायला मिळतो, असं एका मुलानं त्यांना सांगून पाहिलं. "ती काय प्रत आहे?" एवढंच म्हणाले. मध्यंतरी नागपूरच्या कुणा गृहस्थांचा नंबर त्यांच्याकडे आला. त्या गृहस्थांच्या म्हणण्यानं त्यांच्या माळ्यावर मूळ हिंदी आवाजाची चांगल्यातली चांगली टेप आहे, फोन करा, घेऊन जा, पैसे नकोत. ती चिठ्ठी रिमास्टररावांनी मला दाखवली आणि परत घडी घालून पाकिटात ठेवली, एलआयसीच्या पावतीमागे. परवा लिफ्टपाशी भेटले तेव्हा मी विचारलं, नागपूरला फोन केलात का?

"करू की," ते म्हणाले. "घाई कसली? आधी अर्ज तर जाऊ दे."