मुलीच्या मामाचं पित्त

अंगावर पित्त उठलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "काय खाल्लंस?" दुसरा प्रश्न येतच नाही, कारण पहिल्याचं उत्तर विचारणाऱ्याने घरूनच ठरवून आणलेलं असतं.

या एका प्रश्नापायी माझं वांगं बंद झालं, मग कोलंबी, मग शेंगदाणे. दाण्याचं कूट वगळून मराठी घरात जेवणं म्हणजे उपासच, आणि उपासाला तर दाणे हवेतच. मी ताकभातावर आलो, तरी संध्याकाळी ऑफिसची बॅग खांद्यावरून उतरवली की पट्ट्याखाली गांधी उठलेल्या असायच्याच. थोरली बहीण म्हणाली, "ताक आंबट असतं ना!"

त्यातच तिच्या मुलीचं लग्न निघालं. चिपळूणला, ऐन मे महिन्यात. मी मुलीचा मामा. मंगलाष्टकांच्या वेळी नवरीला बोहल्याकडे आणायचं एवढंच काम, पण मी तयारी अशी केली की जणू बघायला मलाच येणार होते. जरीच्या ताठ कॉलरची शेरवानी घेतली. पोट आत दिसावं म्हणून सुरवारीची नाडी आवळली. फेटे बांधणाऱ्याला बजावलं, "घट्ट बांधा हो, नाचायचंय."

नाचायची वेळ आलीच नाही. अर्ध्या तासात कपाळ खाजायला लागलं. फेट्याखाली नखं घातली, तर नखांच्या वाटेने लाल, फुगीर रेघा उमटल्या. मग मान. मग नाडीखालचा भाग, तो चारचौघांत खाजवता येईना. आत्याने लांबूनच निदान केलं, "उपमा खाल्लास ना? त्यात काजू होते."

पुढचा अर्धा तास माझ्यावर सगळ्या कोकणाने उपचार केले. कोणी आमसुलं भिजवून आणली आणि ती इतक्या जोराने चोळली की मोतिया शेरवानीवर गुलाबी डाग पडले. ते बघून काका म्हणाले, "आमसुलाने काय होतंय? घोंगडी आणा." शेजारच्या माळ्यावरून घोंगडी आली, आणि पातेल्याचं बूड घासावं तशी काकांनी माझी पाठ घासली. जिथे घोंगडी फिरली तिथे नव्या गांधी उठल्या. "बघा, आतलं पित्त बाहेर पडतंय," काका विजयी मुद्रेने म्हणाले.

शेवटी एका मेव्हण्याने खिशातून गोळी काढली, क्लोरफेनिरामिनची. ही जुन्या पिढीतली अँटिहिस्टामिन. खाज कमी करते, पण मेंदूत शिरून झोपही आणते. मी कोठीघरात पत्रावळींच्या गठ्ठ्याला पाठ टेकली, एवढंच आठवतं. गुरुजी माइकवरून पुकारत होते म्हणे, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!" शेवटी मुंडावळ्या बांधलेली नवरीच कोठीघरात आली. "मामा, ऊठ. मला न्यायचंय तुला." मग तिनेच माझा हात धरून मला बोहल्यापर्यंत नेलं. फोटोत पाठवणी माझी चालल्यासारखी दिसते.

मुंबईला परतून त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो, तर अंग आरशासारखं स्वच्छ. या रोगाचा हाच खट्याळपणा: एका जागची गांधी सहसा चोवीस तासांच्या वर टिकत नाही, त्यामुळे दवाखान्यात रोगीच खोटारडा ठरतो. पण डॉक्टरांनी पुरावा मागितलाच नाही. जीभ दाबायच्या लाकडी पट्टीच्या कडेने त्यांनी माझ्या पाठीवर रेघ ओढली आणि शांतपणे चिठ्ठी लिहायला घेतली. चिठ्ठी होईतो रेघ टम्म फुगली होती.

"डर्मोग्राफिझम," डॉक्टर म्हणाले. कातडी घासली की तिच्यातल्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात, बारीक रक्तवाहिन्यांमधून पाणी झिरपतं आणि तेवढीच जागा फुगते. शंभरातल्या दोन ते पाच जणांना हे होतं. म्हणजे वांगं, कोलंबी, दाणे सगळे निर्दोष. गुन्हेगार नाडी, कॉलर, फेटा, आणि सर्वांत मोठा साथीदार ती घोंगडी.

मग कळलं की या खानदानात भावंडं पुष्कळ आहेत. कोणाला थंडीने उठतं, त्यांच्या हातावर बर्फाचा खडा ठेवून खात्री करतात. कोणाला घाम आला की टाचणीच्या डोक्याएवढ्या पुटकुळ्या येतात, कोणाला उन्हाने. कोणाला तापानंतर, कोणाला अ‍ॅस्पिरिन-आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी. खाण्याने ज्यांना उठतं, त्यांना बहुधा खाल्ल्यावर दोनेक तासांतच उठतं. गेल्या मंगळवारच्या वांग्याला शुक्रवारी पकडण्यात अर्थ नाही. सहा आठवड्यांच्या वर चाललं तर जुनाट म्हणतात आणि त्यात बरेचदा कारण सापडतच नाही. आत्याला हे सांगितलं, तिला पटलं नाही. एका गोष्टीत मात्र डॉक्टरांनी चेष्टा चालू दिली नाही: जीभ-ओठ सुजले किंवा श्वास लागला, तर आमसुलं शोधत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं.

आणखी एक त्यांनी सांगितलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातले डॉक्टर अशा रुग्णांच्या पाठीवर बोथट टोकाने शब्द लिहीत आणि त्यांचे फोटो काढत. मी हे घरी सांगायला नको होतं.

आता मी झोप न आणणारी नव्या पिढीतली गोळी घेतो, सैल कपडे घालतो आणि भरली वांगी दाण्याच्या कुटासकट खातो. गोळी राहिली त्या दिवशी मुलं माझ्या हातावर फुली-गोळा खेळतात. परवा तर बायकोने नखानेच सामानाची यादी लिहिली: रवा, साखर, तूरडाळ. पण दुकानात गर्दी होती आणि रेघा अर्ध्या-पाऊण तासात विरतात. माझा नंबर लागेतो रवा पुसट झाला होता. मी मैदा आणला.