मोरीमार्गे

आदिलाबादेत राहून उंदरांबद्दल तक्रार करायची म्हणजे जरा जास्तच. कापसाचं गाव, पैनगंगेपलीकडचा कापूसही इथल्या यार्डात येतो. जिनिंगच्या आवारात सरकीचे ढीग पडलेले असताना उंदरांनी कुठे जावं? प्रश्न एवढाच, की दारं बंद, खिडक्यांना जाळ्या, तरी सकाळी साबणाच्या वडीवर दात उमटतात कसे?

घरात जितकी माणसं तितके सिद्धांत. आईच्या मते दार आम्हीच उघडं टाकतो. मुलाचा संशय एसीच्या भोकावर. शेवटी रात्री मोरीभोवती ज्वारीचं पीठ भुरभुरलं. सकाळी पावलं मोरीपासून थेट स्वयंपाकघराकडे गेलेली. थोडं पीठही कमी झालेलं.

मिस्त्रीने मागच्या चेंबरजवळचा ताज्या मातीचा ढीग पाहिला आणि म्हणाला, "उंदीर नाही सार, पंदिकोक्कु." म्हणजे घूस. मग त्याने न्हाणीघराचा ट्रॅप दाखवला. त्यात दोनेक इंच पाणी साचून राहतं आणि गटाराचा वास, झुरळं अडवतं. पण वापरात नसलेल्या न्हाणीत, इथल्या मे महिन्यात, ते आटून जातं. आणि पाणी असलं तरी काय? मुंबईसारख्या बंदरांतला तपकिरी उंदीर पाण्यात बुडी मारून कमोडमधून वर येतो. छपरावरचा काळा उंदीर बाहेरच्या पाइपावरून चढतो आणि पाइप भिंतीत शिरतो तिथल्या फटीतून आत येतो. आपल्याकडे चार इंची पाइपासाठी सहा इंची भोक पाडायची आणि उरलेल्या जागेत वर्तमानपत्र कोंबायची रीत आहे. उंदराला अंगठा जाईल एवढी फट पुरते. नाही पुरली तर तो ती कुरतडून मोठी करतो. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, झिजवायला काही तरी हवंच. प्लॅस्टिकचा पाइप त्याला चालतो.

आमच्या घरातले पाइप कुठून कुठे जातात, हे मात्र मिस्त्रीने विचारल्यावर कुणालाच सांगता येईना. मंजूर नकाशा काढला. त्यात संडास होता, आता तिथे देवघर आहे. फरशी उचकटली तेव्हा खाली जुन्या संडासाचा पाइप सापडला, तोंड उघडं. दुरुस्तीच्या वेळी भांडं काढलं, वरून फरशी बसवली आणि सगळे विसरले. घूस विसरली नव्हती. त्या तोंडापासून मोरीच्या कठड्याखालपर्यंत तिने पोखरून वाट केली होती. एवढी वर्षं घरपट्टी आम्ही भरली, घराची माहिती तिला जास्त.

पाइपाला टोपण, फटींत तारेची घासणी कोंबून वर सिमेंट, मोरीवर स्क्रूने आवळलेली लोखंडी जाळी, असं ठरलं. माल कालवल्यावर मिस्त्रीने सहज विचारलं, "ती आत्ता बाहेर आहे का आत?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पिठावर परतीची पावलं नव्हतीच.

मग माल तसाच राहिला आणि पिंजरा आला. त्यात कांद्याचं भजं अडकवायचं की खोबऱ्याचा तुकडा, यावर आईचं आणि मिस्त्रीचं जे जुंपलं, ते चहा झाला तरी मिटेना.